दुरुस्त केलेलें ‘हेड’ घ्यावें कीं नवें?



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस थोडें नवल वाटेल. मोटारीच्या इंजिनाचें ‘हेड’ बिघडलें असतां दुरुस्त केलेलें जुनें हेड विकत घ्यावें, कीं कोरें करकरीत नवें घ्यावें, हा प्रश्न गॅरेजमधील मिस्त्र्यानें सोडवावा. सुशिक्षित घरांतील माणसानें त्यांत कशाला लक्ष घालावें, असें सहज मनांत येतें. परंतु मिस्त्री हा प्रश्न सोडवीत नाहीं. तो फक्त आपल्यापुढें ठेवतो. “साहेब, नवें हेड महाग पडेल. बनवलेलें निम्म्या किमतींत मिळतें. सांगा, काय करूं?” असें म्हणून तो हात पुसत उभा राहतो, आणि निर्णय मालकास करावा लागतो. ज्यास या वस्तूची कांहींच माहिती नाहीं, तो एक तर किंमत पाहून होकार देतो, नाहीं तर मिस्त्र्याचा चेहरा पाहून. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. तिसरा मार्ग आहे, आणि तो समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत राहणाऱ्यांस हा प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक भूमि वनांनीं व्यापलेली आहे. गडचिरोलीहून भामरागड सुमारें १८० किलोमीटर. आलापल्ली सोडल्यावर रस्ता रानांतून जातो, आणि वाटेंत मोठें गॅरेज तर सोडाच, पण टेलिफोनचा संकेतही कित्येक ठिकाणीं मिळत नाहीं. पर्लकोटा नदीस पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण कित्येक पावसाळ्यांत ऐकल्या आहेत. दुसऱ्या बाजूस चंद्रपूरचा उन्हाळा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जाणें येथें नवलाचें नाहीं. इंजिनाच्या हेडाचा मुख्य शत्रु म्हणजे अति उष्णता. आणि मोटार बंद पडल्यास सर्वांत अधिक हाल होतात ते निर्मनुष्य रस्त्यावर. हे दोन्ही योग आमच्या या भागांत एकत्र आले आहेत.

प्रथम हें हेड म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या सिलिंडरांत पिस्टन खालीं-वर होतो, हें आपणांस ठाऊक आहेच. त्या सिलिंडराचें तोंड वरून बंद करणारें जें जाड धातूचें झांकण, तेंच हेड. परंतु घरांतील पातेल्यावरच्या झांकणासारखें तें साधें नव्हे. हवा आंत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यांतच बसविलेले असतात. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग आणि डिझेलच्या इंजिनांत इंधनाचा फवारा मारणारा नॉझल, यांसही सामान्यतः त्यांतच जागा केलेली असते. शिवाय त्याच्या पोटांत पाण्याच्या व तेलाच्या वाटा ओतकामाच्या वेळींच ठेवलेल्या असतात. हेड आणि त्याच्या खालचा ब्लॉक यांच्यामध्यें एक पातळ गॅसकेट बसवितात. ज्वाळा, पाणी आणि तेल या तिघांस अगदीं शेजारीं नांदवून एकमेकांत मिसळूं न देणें, हें त्या जोडाचें काम होय.

हें काम किती कठीण आहे याची कल्पना कांहीं आंकड्यांनीं येईल. सिलिंडरांत इंधन पेटतें त्या क्षणीं वायूचें तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या घरांत जातें. आतां अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें आणि ओतीव लोखंड सुमारें १,२०० अंशांवर. मग हेड वितळून कसें जात नाहीं? याचें कारण असें कीं, प्रत्येक भडका क्षणभराचा असतो, आणि त्याची आंच हेडाच्या पोटांतून खेळणारें पाणी सतत वाहून नेत असतें. इंधनापासून निघणाऱ्या एकंदर उष्णतेचा चौथा ते तिसरा हिस्सा या वाटेनें रेडिएटरकडे जातो. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असलें, तर एकेका सिलिंडरांत सेकंदाला २५ वेळां हा भडका उडतो. दाबाचेंही तसेंच. सिलिंडराचा व्यास ९० मिलिमीटर असला आणि दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम दाब झाला, तर हेडास खालून सहा टनांहून अधिक रेटा बसतो. आजच्या डिझेल इंजिनांत तर दाब याच्याही पुढें जातो. म्हणजे हेडाची खरी ताकद त्याच्या जाडींत जितकी आहे, तितकीच त्याच्या पोटांतील पाण्यांत आहे.

उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हा धडा आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेला आहे. अर्धा मीटर लांबीचें अ‍ॅल्युमिनियमचें हेड ८० अंशांनीं तापलें म्हणजे सुमारें ०.९ मिलिमीटर वाढतें. तितकेंच लांब लोखंड त्याच्या निम्मेंच वाढतें. पुष्कळ मोटारींत ब्लॉक लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचें असतें, व दोहोंस बोल्टांनीं घट्ट आंवळलेलें असतें. नेहमींच्या तापमानांत हा संसार नीट चालतो. तेवढी सोय यंत्र रचणाऱ्यानें केलेली असते. परंतु पाणी आटलें, कीं हेडाचा मधला भाग फार तापून फुगूं पाहतो. बोल्ट त्यास पसरूं देत नाहींत. धातु जागच्या जागीं दबतो, आणि इंजिन निवाल्यावर हेड किंचित् बांकलेलें राहतें. दोन व्हॉल्व्हांच्या मधली अरुंद पट्टी सर्वांत अधिक तापते. तेथें केंसासारखी बारीक चीर पडते. तापलेल्या इंजिनांत घाईघाईनें नाल्याचें थंड पाणी ओतलें म्हणजे तर या चिरेस आमंत्रणच दिल्यासारखें होतें.

असा बिघाड झाल्याचीं लक्षणें घरच्या माणसासही ओळखतां येतात. कोठें गळती दिसत नसतां रेडिएटरमधील पाणी रोज कमी होतें. इंजिन चालू असतां पाण्यांत बुडबुडे येत राहतात. तेलाचा रंग दुधाळ चहासारखा होतो. आणि इंजिन चांगलें तापल्यावरही मागून पांढरा धूर निघत राहतो. परंतु येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. हींच लक्षणें केवळ गॅसकेट फुटल्यानेंही दिसतात. म्हणून हेड उतरवून तपासल्यावांचून तें ‘गेलें’ असें म्हणूं नये, आणि कोणी म्हटल्यास मान्य करूं नये. तसेंच, हेड खरोखर बिघडलें असलें तरी दुसऱ्याचें दुरुस्त हेड घेण्यापूर्वीं आपलेंच हेड दुरुस्त होण्याजोगें आहे काय, हें विचारावें. आपल्या हेडाचा इतिहास आपणांस माहीत असतो. बाजारांतल्या हेडाचा इतिहास विकणारा सांगेल तेवढाच.

आतां ‘दुरुस्त केलेलें’ या शब्दाकडे वळूं. बाजारांत त्यास ‘रिकंडिशन’ म्हणतात, आणि या एका शब्दाखालीं फार निरनिराळ्या योग्यतेच्या वस्तु विकल्या जातात. त्यांचे ढोबळ मानानें चार वर्ग करतां येतील.

पहिला वर्ग झीज भरून काढलेल्या हेडांचा. व्हॉल्व्ह ज्या कड्यांवर टेकतात त्या सीटा, आणि व्हॉल्व्हाची दांडी ज्यांतून सरकते ते गाइड, हे भाग वापरानें झिजतात. ते काढून नवे बसविणें, हें उत्तम हत्यारें असलेल्या कारखान्याचें नित्याचें काम आहे. असें हेड निःशंकपणें घ्यावें.

दुसरा वर्ग बांक काढलेल्या हेडांचा. बांकलेल्या हेडाचा तळ यंत्रावर तासून सपाट करतात. यास गॅरेजांत ‘फेसिंग’ असें नांव आहे. हेंही काम चांगलें, पण त्यास मर्यादा आहे. प्रत्येक तासणीनें हेडाची उंची घटते. ज्वलनाची जागा लहान होऊन दाब वाढतो. आणि व्हॉल्व्ह पिस्टनाच्या अधिक जवळ येतात. डिझेल इंजिनांत ही जागा मुळांतच फार थोडी असते. हेडाची उंची किती मिलिमीटरांहून कमी असूं नये, हें इंजिनकर्त्याच्या पुस्तकांत दिलेलें असतें. कांहीं इंजिनांचें हेड मुळींच तासूं नये, असेंही सांगितलेलें असतें. तेव्हां ‘फेसिंग केलें आहे’ एवढें ऐकून समाधान मानूं नये. ‘तासल्यावर उंची किती राहिली?’ हा प्रश्न विचारावा.

तिसरा वर्ग चीर सांधलेल्या हेडांचा. येथें धातूचा भेद महत्त्वाचा आहे. ओतीव लोखंड ठिसूळ असतें. त्याचें पक्कें वेल्डिंग करावयाचें तर सबंध हेड भट्टींत कित्येक शें अंशांपर्यंत तापवून, सांधून, मग अगदीं सावकाश निववावें लागतें. नाहीं तर सांध्याशेजारींच नवी चीर जाते. वेल्डिंग टाळून धातूच्या खिळ्यांची रांग एकमेकांत गुंतवून चीर ‘शिवण्याची’ रीतही आहे, आणि कुशल हातीं ती चांगली उतरते. अ‍ॅल्युमिनियमचें हेड आरगॉन वायूच्या आवरणांत सांधतात. पाण्याच्या वाटेच्या बाहेरच्या बाजूस, थंड भागांत असलेली चीर नीट सांधली असेल, तर तीवर विश्वास ठेवतां येतो. परंतु दोन व्हॉल्व्हांच्या मधली, रोज भडका सोसणारी चीर सांधलेली असेल, तर ती कोणी सांधली, कशी सांधली व नंतर कशी तपासली, हें समजल्यावांचून पैसे देऊं नयेत.

चौथा वर्ग अतिशय तापून मऊ पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडांचा. या धातूस कारखान्यांत विशिष्ट तापमानावर तापवून कठीणपणा आणलेला असतो. इंजिन बेसुमार तापलें कीं तो कठीणपणा जातो, आणि तासून, रंग देऊन तो परत येत नाहीं. असें हेड दिसावयास सुरेख, पण बोल्ट आंवळले कीं दबणारें. काठिण्य मोजण्याच्या यंत्रावर तें उघडकीस येतें. हा वर्ग सर्वस्वीं टाळावा.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. दुरुस्त हेड घ्यावें कीं नाहीं, या प्रश्नास सरसकट उत्तर नाहीं. त्याला काय झालें होतें, काय केलें, आणि तें बरें झालें हें कशावरून, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर वस्तु घेण्यायोग्य; न मिळालीं तर ती कितीही स्वस्त असो, महागच. वैद्यानें रोगी बरा झाला असें म्हणणें वेगळें, आणि रोग्याचा ताप उतरला हें थर्मामीटरनें दाखविणें वेगळें.

हा पुरावा कसा पाहावा? पहिली गोष्ट, हेडावर ओतलेला क्रमांक आपल्या इंजिनाशीं जुळतो काय तें पाहावें. एकाच नांवाच्या गाडीचीं इंजिनें निरनिराळ्या सालीं बदललेलीं असतात. दुसरी, तळावर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी व तिरपी धरून तिच्याखालीं फीलर गेजचें पातें जातें काय, हें पाहावें. पुष्कळ इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपेक्षां अधिक फट चालत नाहीं. आपल्या डोक्याचा केंसही साधारण एवढाच जाड असतो. यावरून नुसत्या डोळ्यानें पाहून ‘सपाट आहे’ म्हणणें किती व्यर्थ आहे, हें कळेल. तिसरी, हेड उलटें ठेवून व्हॉल्व्हांच्या वरच्या पोकळींत रॉकेल किंवा डिझेल ओतावें व कांहीं मिनिटें थांबावें. व्हॉल्व्हाच्या कडेनें ओल झिरपली तर बैठक नीट नाहीं. चौथी, चिरा शोधण्यासाठीं रंगीत द्रव लावून पुसतात व वर पांढरी भुकटी फवारतात. चीर असेल तेथें रंगाची रेघ उमटते. लोखंडी हेडास चुंबकाची परीक्षाही करतां येते.

पांचवी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. हेडाच्या पोटांतील पाण्याच्या सर्व वाटा पट्ट्या लावून बंद करतात, आंत दाबानें हवा भरतात, आणि हेड गरम पाण्यांत बुडवितात. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर जसें पाण्यांत बुडबुड्यांवरून सांपडतें, तसाच हा प्रकार. पाणी गरम घेण्याचें कारण असें कीं, थंडपणीं मिटून राहणारी चीर धातु तापल्यावर उघडते. ही परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवा, असें विक्रेत्यास सांगावें. ज्याचा माल चोख आहे तो यास सहसा नाहीं म्हणत नाहीं. ज्याच्याजवळ हें साधन नसेल, त्याचा माल दुसऱ्या वर्कशॉपांत तपासून मग पैसे देण्याचें ठरवावें. हेडावर ताजा चंदेरी रंग फासलेला असेल, तर अधिक सावध असावें. हेडास रंगाची गरज नसते, चिरेस असते.

आतां खर्चाचा हिशोब करूं. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें आपल्या गाडीचे घालावे. समजा, नवें हेड ३०,००० रुपयांस व दुरुस्त केलेलें १४,००० रुपयांस मिळतें. आणि कोणतेंही बसविलें तरी गॅसकेट, बोल्ट, तेल, कूलंट व मजुरी मिळून १२,००० रुपये लागतात. म्हणजे नव्याचा एकंदर खर्च ४२,००० आणि दुरुस्ताचा २६,००० झाला. वांचले १६,०००. परंतु दुरुस्त हेड पुन्हां बिघडलें, तर नव्याचे ४२,००० लागतीलच, शिवाय गाडी ओढून आणणें वगैरेचे १०,००० धरूं; म्हणजे आणखी ५२,०००. आतां अशा दहा गाड्यांचा विचार करा. दहाही जणांनीं नवें हेड घेतलें तर ४,२०,००० रुपये होतात. दहांनींही दुरुस्त घेतलें व त्यांपैकीं तिघांचें बिघडलें, तर २,६०,००० अधिक १,५६,०००, म्हणजे ४,१६,००० रुपये होतात. दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या!

या हिशोबांतून दोन बोध निघतात. पहिला असा कीं, दहांत तिघांहून कमी हेडें दगा देणार असतील, तर निव्वळ पैशांच्या दृष्टीनें दुरुस्त हेड घेणें शहाणपणाचें आहे. आणि वर सांगितलेल्या परीक्षा उतरलेल्या हेडाची शंका पुष्कळच कमी होते. म्हणून जुन्या वस्तूविषयीं उगाच नाक मुरडण्याचें कारण नाहीं. दुसरा बोध अधिक गंभीर आहे. या हिशोबांत एक रकाना मुळींच नाहीं. गाडी कोठें बंद पडली आणि त्या वेळीं तींत कोण होतें, हा तो रकाना. चंद्रपूर शहरांत बाजारहाटास जाणारी मोटार बंद पडली, तर आपण ऑटोरिक्षा करून घरीं येतों. तीच गाडी ऐन पावसांत एटापल्लीच्या किंवा सिरोंच्याच्या रस्त्यावर, बाळंतपणास निघालेली लेक घेऊन उभी राहिली, तर १६,००० रुपयांच्या बचतीचें मोल काय? म्हणून माझें मत असें आहे कीं, शहरांत व वर्कशॉपच्या टापूंत फिरणाऱ्या गाडीस परीक्षा झालेलें दुरुस्त हेड खुशाल घालावें. पण जी गाडी रानांतल्या लांब वाटेनें माणसें नेते, तिला पहिल्या वर्गांतलें, किंवा उंचीच्या मर्यादेंत राहिलेलें दुसऱ्या वर्गांतलें हेड मिळत असेल तरच तें घ्यावें, एरव्हीं नवें घ्यावें. चीर सांधलेलें हेड त्या रस्त्यास लावूं नये.

गाडीचें उरलेलें आयुष्यही पाहावें. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं वाढविली जाते. ज्या गाडीची मुदत संपत आली आहे आणि जी आपण पुढें ठेवणार नाहीं, तिला अर्ध्या किमतीचें नवें हेड घालणें विवेकाचें नाहीं. तसेंच कांहीं गाड्यांच्या बाबतींत अस्सल नवें हेड मिळविणेंच कठीण असतें. मारुती ८०० ही गाडी १९८३ सालीं निघाली व २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. अँबॅसडरही त्याच सालीं बंद झाली. अशा गाड्यांसाठीं बाजारांत ‘नवें’ म्हणून जें मिळतें, तें मूळ कारखान्याचेंच असतें असें नाहीं. हलक्या धातूच्या नव्या नकलेपेक्षां मूळ ओतकामाचें, नीट दुरुस्त केलेलें हेड पुष्कळदां सरस ठरतें. कोरेपणा हा गुण नव्हे. ती केवळ अवस्था आहे.

शेतावरील पंपाच्या इंजिनाची गोष्ट याहून सोपी आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या धानाच्या मुलखांत एकसिलिंडरी डिझेल इंजिनें पुष्कळांनीं वापरलीं आहेत. महाराष्ट्रांत अशा इंजिनांचा प्रसार करणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यास १९४६ सालीं निघाली. या इंजिनांचें हेड आंखूड, जाड व लोखंडी असल्यामुळें तें सहसा बांकत नाहीं, आणि त्याची दुरुस्तीही सोपी. तेथें दुरुस्त हेड घेण्यास हरकत नाहीं. फक्त रोवणीच्या ऐन दिवसांत तें पहिल्यांदाच बसवूं नये. महिनाभर आधीं बसवून चालवून पाहावें.

खरेदी ठरली कीं पक्की पावती घ्यावी. तींत ‘दुरुस्त केलेलें हेड’ असा स्पष्ट शब्द, हेडाचा क्रमांक, काय दुरुस्ती केली, कोणती परीक्षा झाली, आणि किती महिन्यांची हमी, हें लिहून घ्यावें. हमी केवळ हेडाची, कीं पुन्हां उतरवून बसविण्याच्या मजुरीचीही, हेंही विचारावें. कारण खर्चाचा मोठा भाग तेथें असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत येऊं लागला. दुरुस्त केलेली किंवा जुनी वस्तु नवी म्हणून भासविणें, ही त्या कायद्याप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथा होय. बिल न देणें हीही तशीच. तक्रार दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे करतां येते, आणि १९१५ या क्रमांकावर टेलिफोनवरून सल्ला मिळतो. जो केवळ धंद्याच्या नफ्यासाठीं वस्तु घेतो, तो या कायद्याप्रमाणें ग्राहक ठरत नाहीं; पण स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा मनुष्य ग्राहकच धरला जातो. हे सर्व हक्क कागदावर उभे राहतात. पावतीवांचून ते सिद्ध करणें कठीण.

शेवटची आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट. हेड आपण होऊन बिघडत नाहीं. त्याला कोणी तरी बिघडवितें. रेडिएटरच्या जाळींत धूळ व किडे भरलेले असतात, आंत क्षारांचे थर जमलेले असतात, पाण्याचा पंप झिजलेला असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, पंखा वेळेवर फिरत नसतो, किंवा रेडिएटरचें झांकण दाब धरीत नसतें. त्या झांकणाचें महत्त्व घरांतील प्रेशर कुकरवरून कळेल. वातावरणाच्या दुप्पट दाबाखालीं पाणी १०० अंशांवर न उकळतां १२० अंशांच्या आसपास उकळतें. तेवढी सवलत आमच्या उन्हाळ्यांत फार मोलाची आहे. हे दोष तसेच ठेवून नवें हेड बसविलें, तरी तें पहिल्याच्याच वाटेनें जाईल. म्हणून मिस्त्र्यास ‘हेड कितीला?’ हें विचारण्यापूर्वीं ‘पहिलें हेड कां गेलें?’ हें विचारावें. ज्यास याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडून हेड बसवून घेऊं नये.

बसवितांना नवें गॅसकेट घालावें. बोल्ट मधून कडेस अशा क्रमानें, टॉर्क पान्यानें मोजून आंवळावे. आणि कारखान्यानें सांगितलें असेल तेथें बोल्टही नवे घ्यावे. रेडिएटरांत नुसतें विहिरीचें पाणी न भरतां योग्य प्रमाणांत कूलंट भरावें. त्यानंतर पहिले ५०० किलोमीटर शहराच्या आसपासच फिरावें. रोज सकाळीं इंजिन थंड असतां पाण्याची व तेलाची पातळी पाहावी. गरम असतां रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. पाणी घटलें नाहीं, तेल दुधाळ झालें नाहीं, तापमानाचा कांटा मध्यावर स्थिर राहिला, तर मग खुशाल आलापल्लीचा रस्ता धरावा.

जुन्या वस्तूस नाकारणें हा शहाणपणा नव्हे, आणि स्वस्त वस्तूस भुलणें ही काटकसर नव्हे. विक्रेत्याच्या शब्दापेक्षां पट्टीवर, बुडबुड्यांवर आणि पावतीवर विश्वास ठेवावा; आणि गाडींत जीं माणसें बसणार आहेत त्यांचा विचार करून मग रुपये मोजावे, एवढेंच मला आज सांगावयाचें होतें.